२८ मिलिमीटरचा मावळा

१/
बागलाणातल्या नामपुरातून मोसम नदीच्या काठाने पश्चिमेकडे निघाले की आधी मुल्हेर आणि पुढे साल्हेर किल्ल्याचा मुलूख लागतो. १६७२ च्या आरंभी साल्हेरच्या परिसरात मराठे आणि मुघल यांची मोठी लढाई झाली. ही लढाई बोटाच्या पेराएवढ्या शिपायांनिशी टेबलावर मांडायची ठरवली, तर ते शिपाई घडवणाऱ्या कारागिराला इतिहासाने आजवर मोघम सोडलेल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. हा थ्रेड त्या शिपायांविषयी आणि त्या प्रश्नांविषयी.

२/
लेखकाला ‘मराठ्यांचे घोडदळ तुटून पडले’ असे एक वाक्य लिहून पुढे जाता येते. मूर्तिकाराला ती सवलत नसते. घोडा किती उंच, स्वाराचा भाला कोणत्या हातात, डोक्याला पागोटे की शिरस्त्राण, पायात जोडा की अनवाणी पाय, हे सगळे त्याला ठरवावेच लागते. मातीत कोरी जागा सोडता येत नाही. म्हणूनच लहानशी लढाऊ मूर्ती ही इतिहासाच्या अभ्यासाची मोठी कठोर परीक्षा असते.

३/
महाराष्ट्राला असे शिपाई नवे नाहीत. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते आणि मग बाजारातून मावळे येतात. पुण्यात या बाहुल्यांना ‘चित्रे’ म्हणतात. सिंहासनावर शिवाजी महाराज, दारावर भालदार, बुरुजावर तोफ, पायथ्याशी गवळण आणि बैलगाडी. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करणारे हातही याच परंपरेतले. कुंभाराचे हात, दोन भागांचा साचा आणि मूठभर माती, एवढेच त्याचे भांडवल.

४/
या चित्रांतला मावळा नीट न्याहाळला तर एक गोष्ट लक्षात येते. त्याचे हात अंगाला चिकटलेले असतात. भालाही देहाला लागून सरळ उभा असतो आणि ढाल छातीवर टेकलेली असते. हे कारागिराचे अज्ञान नव्हे. ही साच्याची अट आहे. दोन भागांच्या साच्यातून मूर्ती सुटून यायला हवी असेल तर तिच्यात साचा अडकेल अशी खोल खाच चालत नाही. हात उगारलेला मावळा निघतानाच मोडेल. म्हणून दिवाळीचा मावळा वर्षानुवर्षे पहाराच देत उभा आहे. तो धावत नाही आणि वारही करत नाही.

५/
साच्याचा दुसरा परिणाम याहून खोल आहे. एका साच्यातून निघालेले शंभर मावळे हुबेहूब एकसारखे असतात: तेच पागोटे, तोच अंगरखा, तीच मिशी. लहानपणी किल्ल्यावर मांडलेले हे शंभर जण मनात कायमचे घर करतात आणि ‘शिवकालीन सैनिक’ म्हटले की तीच एक प्रतिमा उभी राहते. साल्हेरच्या रणातले सैन्य मात्र एका साच्यातले नव्हते. ते कसे, हे पाहण्याआधी युरोपातल्या साच्याची हकिकत पाहायला हवी.

६/
जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १७७० च्या दशकात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट याने कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर आकृती उलटी कोरायची, तुकडे एकमेकांवर दाबायचे आणि मधल्या फटीत वितळलेला धातू ओतायचा. एकोणिसाव्या शतकात त्याच शहरातल्या हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने अशा शिपायांसाठी सुमारे ३० मिलिमीटरचे माप रूढ केले. माप ठरल्यामुळे वेगवेगळ्या खोक्यांतले शिपाई एकाच रणावर शोभू लागले.

७/
युद्धाचा खेळ मात्र वेगळ्या वाटेने वाढला. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजासाठी युद्धखेळाचे खास टेबल तयार केले. त्याच्या सेनाधिकारी मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम बांधले आणि खेळ नकाशावर नेला. त्या खेळात सैनिकांच्या मूर्ती नव्हत्या. पलटणी दाखवणाऱ्या लहान आयताकृती ठोकळ्यांवरच काम भागे. उद्देश करमणुकीचा नव्हता, अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्याचा होता.

८/
मूर्ती आणि खेळ यांची गाठ पुढे इंग्लंडमध्ये पक्की झाली. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. साच्यात धातू ओतायचा, बाहेरचा थर थिजला की उरलेला धातू लगेच परत ओतून घ्यायचा. शिपाई हलका झाला, धातू वाचला आणि किंमत उतरली. हे शिपाई ५४ मिलिमीटरचे होते. त्यांत हिंदी फौजेतल्या पलटणीही होत्या. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशाच शिपायांनी खेळायचे नियम लिहिले.

९/
आजच्या वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावर मूर्ती मांडून नियमांनी खेळायच्या युद्धखेळात, २८ मिलिमीटरचे माप फार लोकप्रिय आहे. त्याहून लहान १५ आणि ६ मिलिमीटरचे शिपाईही असतात. हे माप बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण डोक्यावर पागोटे की टोप यावर एकूण उंची बदलते. ढोबळ हिशेबाने २८ मिलिमीटरचा शिपाई खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढा असतो.

१०/
या साठाव्या हिश्शाचा अर्थ आकड्यांत पाहावा. चार सेंटिमीटर रुंदीचे तलवारीचे पाते एका मिलिमीटरपेक्षाही अरुंद होते. तीन मीटरचा भाला पाच सेंटिमीटर लांब होतो, पण त्याची काठी उरते अर्ध्या मिलिमीटर जाडीची. धातूत ती पहिल्याच स्पर्शात वाकेल. म्हणून मूर्तिकार शस्त्र दुपटीने जाड करतो आणि त्या शस्त्राला शोभावा म्हणून पंजा मोठा करतो. चेहरा हातभर अंतरावरून ओळखू यावा म्हणून डोकेही थोडे वाढवतो. प्रमाण जाणून मोडावे लागते, तेव्हा कुठे मूर्ती प्रमाणात वाटते.

११/
घडवण्याची रीत अशी. आधी बारीक तारेचा सांगाडा वाकवून उभे राहण्याची ढब ठरवायची. त्यावर दोन गोळे मळून एकजीव केलेली इपॉक्सी पुटी चढवायची. घरातली गळकी नळजोडणी बुजवायला वापरतात त्याच जातीची, पण अधिक चिवट. ती तास-दोन तास मऊ राहते, तेवढ्यात ओल्या सुईने नि सपाट सळईने अवयव उठवायचे. आधी उघडा देह, मग कपडे, शेवटी शस्त्रे, असे थर चढतात. एक थर कडक झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर बोटाच्या दाबाने कालचे पागोटे आज चपटे होते.

१२/
मूळ मूर्ती तयार झाली की रबराच्या दोन चकत्यांमध्ये ती दाबून उष्णतेने साचा पक्का करतात. साचा गरगर फिरवत मधोमध वितळलेला कथलाचा मिश्रधातू ओतला की तो वेगाने कडेच्या पोकळ्यांत शिरतो. रेझिनसाठी सिलिकॉनचा लवचिक साचा चालतो. आता पुष्कळ मूर्तिकार संगणकावरच मूर्ती घडवतात आणि रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापतात. तेथे साचाच नसल्यामुळे उगारलेला हात आणि उडणारा शेला शक्य होतो. कुंभाराच्या मावळ्याला जे जमत नव्हते, ते प्रिंटरच्या मावळ्याला जमते.

१३/
आता साल्हेरकडे वळू. १६७१ च्या जानेवारीत मराठ्यांनी साल्हेर घेतला. तो परत मिळवण्यासाठी मुघलांनी वेढा घातला. वेढा मोडण्यासाठी महाराजांनी सरनोबत प्रतापराव गुजर आणि पेशवे मोरोपंत पिंगळे यांना वेगवेगळ्या बाजूंनी धाडले, एक वरघाटाने आणि दुसरा कोकणातून. दोन्ही फौजा साल्हेरपाशी येऊन भिडल्या. मुघलांचा सरदार इखलासखान मियाना जखमी होऊन कैद झाला, राव अमरसिंह चंदावत मारला गेला आणि त्याचा मुलगा मुहकमसिंह पकडला गेला. पाठोपाठ मुल्हेरही मराठ्यांनी जिंकला.

१४/
या लढाईचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत आहे. तो सांगतो की चार प्रहर युद्ध चालले आणि तीन कोस चौफेर असा धुरळा उठला की आपला कोण नि परका कोण हे दिसेनासे झाले. महाराजांचा लहानपणापासूनचा सोबती सूर्यराव काकडे जंबूरक्याचा गोळा लागून पडला. जंबूरका म्हणजे उंटाच्या पाठीवर बसवलेली लहान फिरती तोफ. मूर्तिकारासाठी हे एकच वाक्य म्हणजे एका सबंध मूर्तीची मागणी आहे: बसलेला वा उभा उंट, खोगिरावर खुंटी, खुंटीवर फिरणारी नळी आणि तिच्यामागे गोलंदाज.

१५/
पहिली अडचण अंतराची. तीन कोस म्हणजे नऊ-दहा किलोमीटर. साठाव्या हिश्शाने सभासदाच्या धुरळ्यालाच सुमारे १६० मीटर लांबीचे टेबल लागेल. त्यामुळे वॉरगेममध्ये मूर्तीचे माप एक आणि जमिनीचे माप दुसरे ठेवतात. माणसांचेही तसेच, एक मूर्ती अनेक शिपायांच्या जागी उभी असते. किती शिपायांच्या जागी, हे नियम लिहिणारा आपल्या सोयीने ठरवतो. साल्हेरच्या बाबतीत मात्र सभासदाने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे.

१६/
बखरीप्रमाणे घोडदळाची रचना अशी: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. आता एक मूर्ती म्हणजे २५ स्वार धरावेत. मग एक मूर्ती म्हणजे हवालदाराची तुकडी, पाच मूर्ती म्हणजे जुमला, पन्नास मूर्ती म्हणजे १,२५० स्वारांचा हजारी. युरोपातल्या बटालियनसाठी बांधलेले कोष्टक उसने आणण्याची गरजच उरत नाही. ज्या सैन्याची मांडणी करायची, त्याचाच हिशेब टेबलावर चालतो.

१७/
दुसरी अडचण घोड्याची. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ऐतिहासिक मूर्तींचे घोडे युरोपातल्या उंच, भरदार घोड्यांवर बेतलेले असतात. दख्खनच्या स्वाराखाली भीमथडीचे तट्टू असे: बुटके, काटक, थोड्या चाऱ्यावर दौड करणारे. खांद्याशी १३५ सेंटिमीटर उंचीचे तट्टू या मापात २२-२३ मिलिमीटरचे होते. १५५ सेंटिमीटरचा घोडा जवळजवळ २६ मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याने स्वाराचे पाय जमिनीपासून किती वर लोंबतात हे बदलते आणि सबंध फौजेची चाल बदललेली दिसते. मुघल सरदारांच्या पागेत अरबी नि तुर्की घोडे असत, हे ध्यानात घेतले तर दोन बाजूंचे घोडेही सरसकट एक असून चालणार नाहीत.

१८/
तिसरी अडचण सर्वांत मोठी: कपड्यांची. मुघलकालीन रूढीनुसार जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या बाजूला. २८ मिलिमीटरच्या मूर्तीवर ही गाठ सुईच्या टोकाएवढी असते, तरी ती कोरता येते. प्रश्न असा की तिने बाजू कळते का? चंदावत राजपूत मुघलांकडून लढले. मुघलांच्या चाकरीत मराठे सरदारही होते. डावी गाठ दोन्ही फौजांत होती. त्या काळी येथील सैन्यांना ठरलेला गणवेश नव्हता. निशाण, हाळी आणि ओळखीचे चेहरे यांवर बाजू कळत असे. सभासदाच्या धुरळ्याने घोटाळा झाला खरा, पण धुरळा बसल्यावरही नुसत्या कपड्यांवरून आपला नि परका ओळखणे सोपे नसावे.

१९/
येथे साच्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. कथलाचा शिपाई गणवेशाच्या युगात वाढला. हजार माणसांचा एकच डगला, एकच टोपी, एकच बंदूक, हे साच्याला अगदी मानवले. निळे विरुद्ध तांबडे असे दोन रंग दिले की खेळणाऱ्याला दुरूनही बाजू कळे. मराठ्यांकडे गणवेश आणि कवायत मोठ्या प्रमाणावर आली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, महादजी शिंद्यांनी द बॉइन्य याच्याकडून पलटणी उभारून घेतल्या तेव्हा. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असई येथे वेलस्लीशी लढल्या त्या अशाच कवायती पलटणी. म्हणून असईचा शिपाई साच्यातून सहज निघतो; साल्हेरचा निघत नाही.

२०/
तरी साल्हेरच्या सैन्यातही दोन जाती होत्या. बारगिराचा घोडा आणि हत्यार सरकारी पागेचे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिरांच्या मूर्ती थोड्याफार एकसारख्या असल्या तर ते इतिहासाला धरून होईल. शिलेदारांच्या मूर्ती मात्र जितक्या वेगळ्या तितक्या खऱ्या: कोणाच्या हाती आजोबांची तलवार, कोणाकडे लुटीत मिळालेले खोगीर, कोणाचे पागोटे पैठणकडचे तर कोणाचे मावळातले. एकाच साच्यातून शंभर शिलेदार काढणारा मूर्तिकार सुबक काम करील, पण शिलेदार या शब्दाचा अर्थच पुसून टाकील.

२१/
पुराव्यासाठी कोठे पाहावे? इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढवून घेतलेल्या चित्रांत घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आणि त्यांच्यासोबत पायी चालणारे शस्त्रधारी आहेत. ते चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घोड्याचा साज, शेल्याची बांधणी, हत्यार धरण्याची ढब यांसाठी असे समकालीन चित्र अनमोल ठरते. पण ती दरबारी चित्रकाराची नजर आहे, रणावरच्या माणसाची नव्हे. तिथला प्रत्येक तपशील बखर, पत्रे आणि संग्रहालयातली हत्यारे यांच्याशी ताडून मगच पुटीत उतरवावा लागतो.

२२/
छावणीचाही विचार हवा. सभासद सांगतो की महाराजांच्या लष्करात बायका, बटिका, कलावंतिणी यांना नेण्याची मनाई होती. मुघल सरदारांच्या तळावर मात्र डेरे, जनाना, बाजार आणि हजारो चाकरांचा लवाजमा असे. टेबलाच्या एका कडेला हा सारा पसारा आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ काहीच नाही, अशी मांडणी केली की दोन सैन्यांच्या वेगातला फरक एकही नियम न वाचता कळतो. मूर्तींनी सांगितलेला इतिहास असा असतो. कधी न मांडलेल्या मूर्तीही बोलतात.

२३/
२०२५ मध्ये साल्हेरची गणना ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून जागतिक वारशात झाली. १,५६७ मीटर उंचीच्या या गडावर आता अधिक पावले वळतील आणि अंगणातल्या किल्ल्यांवरही साल्हेर दिसू लागेल. त्यावर पहारा देणारा साच्यातला मावळा जरूर असावा. तो अनेक पिढ्यांचा सोबती आहे. पण त्या गडाखालची लढाई जिंकली ती प्रामुख्याने दौडत आलेल्या स्वारांनी, एकमेकांसारख्या न दिसणाऱ्या माणसांनी.

२४/
शेवटी एका मूर्तीविषयी. घोडदळाची रचना सांगताना सभासद आणखी एक नोंद करतो: दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे प्रत्येक तुकडीमागे पाण्याची पखाल वाहणारा एक जण आणि घोड्यांच्या टापांना नाल ठोकणारा एक जण. दिवाळीच्या चित्रांत हे दोघे कधी दिसत नाहीत, युरोपच्या खोक्यांत तर नाहीतच. नामपूर-सटाण्याच्या बाजूला कोणी साल्हेरचे रण मांडायला घेतले, तर पुटीचा पहिला गोळा नालबंदासाठी मळावा: एक गुडघा टेकलेला, तट्टूची टाप मांडीवर घेतलेली, हातात हातोडी. त्याची उंची अठरा-वीस मिलिमीटर भरेल. त्याच्यावाचून पुढचे पंचवीस जण साल्हेरपर्यंत पोचलेच नसते.